तीन खण

शेफील्डमधल्या या घराची मागची बाजू मी मापली
ती साडीने.
टेप सापडत नव्हती, खोकी उघडायची होती,
वरच्याच खोक्यात हाताला आली ही, वांगी रंगाची.
लांबी: एक पाचवारी, निऱ्यांसकट.
रुंदी: तीन खण.
इथे याला यार्ड म्हणतात. म्हणजे वारच की.
एजंटाने मात्र कागदावर लिहिलं होतं, बाग.

बागेत तेव्हा सिमेंट होतं,
कचऱ्याचे डबे, निळा, तपकिरी, काळा,
आणि मागच्या भाडेकरूने टाकून दिलेला बाथटब,
त्यात पावसाचं पाणी नि एक चमचा.

इस्पितळातून रात्रपाळी करून यायचे,
झोप लागत नसे. चहा घेऊन पायरीवर बसायचे
नि खडूने विटांवर खुणा करायचे:
ऊन इथे अकरा दहाला.
इथे बाराला.
इथून गेलं, एक चाळीस.
एप्रिलची मिळकत एवढीच. यात संसार करायचा.

केला.
बाथटबात अळू.
मेथी तुटक्या पन्हळीत, भिंतीला तीन मजले.
घेवडा पाइपावर. पाइप कोणाचा ते पुढे बघू.
कोथिंबीर इथे फसवते, जरा ऊब मिळाली की फुलावर येते,
मुहूर्त टळत असल्यासारखी.
कढीपत्ता दोनदा मेला. तिसऱ्याला घरात घेतलं,
तो बॉयलरशेजारी राहतो, भाडं देत नाही.
टोमॅटोंना चाकांच्या फळीवर बसवलं,
ऊन सरकेल तसं त्यांना सरकवायचं,
पायानेच, पाळण्याला झोका द्यावा तसं.
गोगलगायींचं काय केलं ते लिहीत नाही.

भिंतीपलीकडे ओल्डरॉइड. वय ब्याऐंशी,
जन्मभर सुऱ्यांना धार लावली, बोटं नऊ.
पहिलं वर्षभर आम्ही फक्त हवेबद्दल बोललो.
पुढच्या एप्रिलात एकदा भिंतीवरून म्हणाला,
"तुला उजेड कमी पडतोय, पोरी."
मी त्रेपन्न वर्षांची.
दुसऱ्या दिवशी शिडी. पांढऱ्या रंगाचा डबा.
त्याच्या स्वयंपाकघराची भिंत, माझ्याकडे तोंड केलेली,
पार वरपर्यंत, त्या वयात. मी खाली शिडी धरून,
तोंडात देवाचं नाव.
"यात तुमचा काय फायदा?"
"मला तर ती दिसतसुद्धा नाही," म्हणाला.

रंग वाळल्यावर खडू घेऊन बसले.
ऊन गेलं एक चाळीसलाच.
उजेड गेला नाही.
तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत भिंत तो परत करत होती,
साखरेची उसनी वाटी परत करावी तसा,
वर चिमूटभर जास्त.

त्या उन्हाळ्यात अळूचं फदफदं नेऊन दिलं.
हे हत्तीचे कान तुम्ही खाता? म्हणाला, आणि खाल्लं.
भांडं रिकामं परत करू नये
हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.
तरी आत रुबार्बच्या दोन काड्या.

गेल्या ऑक्टोबरात त्याला मुलीने नेलं,
समुद्रकाठच्या कुठल्याशा होममध्ये.
मार्चमध्ये नवा मुलगा आला. किअरन. सभ्य, दाढी कोरलेली.
काल त्याच्या पायरीवर रंगाचे दोन डबे. करडा.
इथे हल्ली सगळं करडंच रंगवतात,
आभाळ कमी पडल्यासारखं.

भिंत त्याची. हे मला कळतं.
उजेड कोणाचा, ते कुठल्याच कागदावर नाही.

सकाळी मेथीची एक जुडी बांधली, दोऱ्याने.
मग सोडली. लाच वाटेल.
खिशात खडू घालून त्याचं दार वाजवलं.
"एक चाळीसला वेळ आहे का तुला?
दहा मिनिटं. नुसतं बघायला.
खुर्ची एकच आहे, ती तू घे.
मी बाथटबाच्या काठावर बसेन."